दुष्काळ, अनाथ बालके आणि परदेशी मिशनरी : अहमदनगर व केडगाव येथील कार्याचा ऐतिहासिक अभ्यास (1896–1902)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पश्चिम भारतावर लागोपाठ तीन संकटे कोसळली. 1896-97 चा दुष्काळ, 1896 मध्ये मुंबईत आणि 1897 मध्ये पुण्यात भीषण रूप धारण केलेली प्लेगची साथ, आणि 1899-1900 चा महादुष्काळ. गुजरात-राजस्थानात हा अखेरचा दुष्काळ विक्रम संवत 1956 वरून 'छप्पनिया' या नावाने आजही ओळखला जातो. 1900 मध्ये त्यात पटकीची भर पडली. या संकटांचा इतिहास लिहिताना शेतसारा, कर्जबाजारीपणा, प्लेगविषयक सक्ती आणि राष्ट्रीय चळवळ यांकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच अधिक गेले. आईबाप गमावलेल्या, अथवा त्यांनीच निरुपायाने सोडून दिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र बहुधा एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकला जातो.

ही मुले ज्यांच्या आश्रयाला गेली, त्यांत परदेशी ख्रिस्ती मिशनरी प्रमुख होते. त्यांच्याविषयीच्या आपल्या लेखनात दोन टोके आढळतात. एका मते ती निखळ भूतदया होती. दुसऱ्या मते भुकेचा फायदा घेऊन केलेले धर्मांतर. प्रस्तुत लेखात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशन आणि केडगावचे मुक्ती सदन या दोन उदाहरणांच्या आधारे हा वाद थोडा वेगळ्या पद्धतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मुलांचा ताबा कोणाकडे, त्यांच्या पोषणाचा पैसा कोणाचा आणि त्यांच्या भवितव्याचा निर्णय कोणाचा, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने पुढील विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये अहमदनगर येथे केंद्र स्थापन झाले. 1827 मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेने पुढे अहमदनगरात मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. म्हणजे दुष्काळाची मुले दाराशी आली तेव्हा या मिशनजवळ शाळा, वसतिगृहे, शिक्षक आणि मराठी भाषेचे ज्ञान यांची अनेक दशकांची शिदोरी होती. ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातील कुटुंबांचा भरणा मोठा असल्यामुळे गावकुसाबाहेरील वस्तीशी मिशनचा थेट संबंध होता. सरकारी मदत जिथे उशिरा पोहोचे, तिथे मिशनचा शिक्षक आधीपासून राहत होता, ही वस्तुस्थिती दुर्लक्षून चालणार नाही.

अनाथांची काळजी ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित होती असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला व त्यासाठी जनतेला साहाय्याचे आवाहन केले. प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने पंढरपूर येथे बालहत्या प्रतिबंधक गृह व अनाथालय 1875 पासून उभे राहिले. मात्र 1899-1900 मध्ये निराधार झालेल्या मुलांची संख्या लक्षात घेता या संस्थांची शक्ती अपुरी होती. सरकारने दुष्काळ संहिता केल्या होत्या, पण त्यांचा भर खडी फोडण्याच्या व तलाव खणण्याच्या कामांवर आणि धर्मार्थ अन्नवाटपावर होता. ज्याला कामही करता येत नाही आणि ज्याच्यासाठी घरीही कोणी नाही, अशा मुलाची दीर्घकालीन जबाबदारी घेणारी यंत्रणा सरकारपाशी नव्हती. ही पोकळी मिशनने भरून काढली.

रॉबर्ट ह्यूम आणि अमेरिकन धान्य

या कार्यातील अग्रणी रेव्ह. रॉबर्ट ॲलन ह्यूम (1847–1929) यांचे चरित्र 'परदेशी मिशनरी' या संज्ञेचाच पुनर्विचार करावयास लावते. त्यांचा जन्म मुंबईचा, वडीलही मिशनरी. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते 1874 मध्ये परतले आणि अहमदनगर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. 1878 मध्ये त्यांनी तेथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. ख्रिस्ताचे नाव ज्यांच्या कानी जिवंतपणी पडलेच नाही त्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल, या आशयाचे मत त्यांनी 1886 च्या सुमारास अमेरिकेतील अँडोव्हर येथे मांडले. तेव्हा त्यांना पुन्हा हिंदुस्थानात पाठवावे की नाही, यावर अमेरिकन बोर्डातच वाद माजला. हा तपशील येथे महत्त्वाचा आहे. ज्याच्या लेखी बाप्तिस्मा न झालेले मूल निश्चितपणे नरकात जाते, त्याची सेवा आणि ज्याला तसे वाटत नाही त्याची सेवा, या दोहोंत प्रेरणेचा फरक असतो. सर्व मिशनरींना एकाच मापाने मोजणे म्हणूनच इतिहासाला धरून होत नाही.

न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने दुष्काळासाठी निधी गोळा केला. 1900 मध्ये मक्याने भरलेले 'क्विटो' नावाचे जहाज अमेरिकेहून मुंबईस रवाना झाले, आणि पत्राचे चालक लुई क्लॉप्श त्याच वर्षी स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. या निधीच्या वाटपाची जबाबदारी ह्यूम यांनी सांभाळली. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

या अर्थव्यवहाराची एक दुसरी बाजू आहे. अस्थिपंजर झालेल्या मुलांची छायाचित्रे छापल्याने अमेरिकन वाचकाचे हृदय द्रवत असे आणि वर्गणी येत असे. एका मुलाच्या वार्षिक खर्चाचा भार एका कुटुंबाने किंवा रविवारच्या शाळेने उचलावा, अशी पद्धत रूढ झाली. त्यातून मूल जगले. पण त्याचबरोबर त्याचे दारिद्र्य ही दाखविण्याची वस्तू बनली. शिवाय दूरदेशीच्या दात्याला मुलाची प्रगती कळविणे भाग असल्याने, ती प्रगती दात्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे स्वच्छता, अक्षरओळख आणि श्रद्धा यांच्या भाषेत सांगितली जाई. आज मिशनचे वार्षिक अहवाल साधन म्हणून वापरताना ते कोणासाठी लिहिले होते, हे संशोधकाने विसरता कामा नये.

हाताला काम : औद्योगिक शिक्षण

अनाथालयांपुढील सर्वांत बिकट प्रश्न पहिल्या वर्षाचा नव्हता, पाचव्या वर्षाचा होता. दुष्काळ ओसरला, अमेरिकेतील वृत्तपत्रे दुसऱ्या संकटांकडे वळली. पण दहा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांचा झाला होता आणि त्याच्या नावावर जमीन, घर वा बलुते यांपैकी काहीच नव्हते. गावगाड्यात शिरण्याचा मार्ग त्याला बंद होता. म्हणून सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे आणि कापड विणणे अशा व्यवसायांचे शिक्षण देण्यात आले. मिशनमधील अभियंते डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अहमदनगर येथे सुधारलेला हातमाग तयार केला. 'चर्चिल माग' या नावाने तो हिंदुस्थानातील हातमागविषयक चर्चेत ठाऊक झाला.

या शिक्षणाचा सामाजिक परिणाम दुहेरी होता. जन्मावरून व्यवसाय ठरण्याची साखळी येथे तुटली, आणि वेगवेगळ्या जातींत जन्मलेली मुले एका कारखान्यात शेजारी शेजारी बसू लागली. उलटपक्षी, मिशनच्या आवारातच शिक्षण, तेथेच नोकरी आणि पुष्कळदा तेथेच विवाह, अशी रचना झाल्याने ही पिढी भोवतालच्या समाजापासून काहीशी अलग वाढली. 'दुष्काळात बाटलेले' हा टोमणा तिला दीर्घकाळ ऐकावा लागला. ज्या वयात निवड करणेच शक्य नव्हते, त्या वयातील घटनेचा दोष आयुष्यभर त्या व्यक्तीच्या माथी मारणे, ही समाजाने तिच्यावर केलेली दुसरी क्रूरता होय.

केडगाव : संबंधांची उलटापालट

पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे मुक्ती सदन हे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन पाळले जात नाही, या आरोपावरून 1893 मध्ये वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. त्यानंतर तीन वर्षांनी दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व तरुण विधवा आणल्या. 1900 मध्ये गुजरात व राजपुताना भागांतूनही अनेकजणी आल्या. केडगावच्या वस्तीची संख्या त्या सुमारास दीड हजारावर गेली. शेती, गुरे, विणकाम, छपाई आणि शिक्षण यांच्या आधारे एक स्वतंत्र गावच तेथे वसले.

मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून 1887 मध्ये मुंबईस आलेल्या मिनी अब्रम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रियांनी केडगावी येऊन रमाबाईंच्या नेतृत्वाखाली काम केले. पैसा बहुतांशी बाहेरचा, काही कार्यकर्त्याही बाहेरच्या. परंतु निर्णय एका मराठी विदुषीचा. परदेशी सेवकाने स्थानिक नेतृत्व स्वीकारण्याचे हे त्या काळातील विरळ उदाहरण आहे. ताब्याचा व धर्माचा प्रश्न येथेही सुटला नव्हता, हे मान्य करूनही तो केवळ 'परके विरुद्ध आपले' असा मांडता येत नाही, हे केडगाव दाखवून देते.

देशी प्रतिसाद आणि कायद्याचा प्रश्न

मिशनरी अनाथालयांची सर्वांत दूरगामी फलश्रुती कदाचित त्यांच्या भिंतींबाहेर घडली. पंजाबात लाला लजपतराय यांनी आर्य समाजाच्या साहाय्याने 1897 पासून हिंदू अनाथांच्या संरक्षणाची चळवळ उभारली आणि राजपुताना, मध्य प्रांत, काठेवाड या भागांत स्वयंसेवक पाठविले. 1901 च्या दुष्काळ आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. मुलाच्या नातेवाइकांचा शोध घ्यावा आणि स्वधर्मीय संस्था घेण्यास तयार असल्यास तिला प्राधान्य द्यावे, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. या चळवळीमागे मूल 'गमावण्याची' भीती होती, हे खरे. पण त्याच भीतीमुळे समाजाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर जाणवले, की बेवारस मूल हीसुद्धा सार्वजनिक जबाबदारी आहे.

पालकत्वासंबंधी 1890 चा पालक व पाल्य कायदा अस्तित्वात होता. तथापि दुष्काळाच्या धामधुमीत रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुलासाठी न्यायालयात जाणार कोण? व्यवहारात ज्याने अन्न दिले तोच पालक ठरला. मुंबई इलाख्यात बालकांसाठी स्वतंत्र कायदा 1924 मध्ये झाला. आंतरदेशीय दत्तकविधानाला शिस्त लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील निर्णय 1984 चा, आणि बाल न्याय अधिनियम 2000 व 2015 चे. मुलाचे हित सर्वोपरी, कुटुंबाचा शोध आधी व संस्था शेवटी, ही आजची तत्त्वे 1900 च्या अनुभवाशी ताडून पाहिली, म्हणजे त्यांचे मोल कळते.

साधनांविषयी

या विषयावरील कागदपत्रे मिशनची, सरकारची आणि वृत्तपत्रांची आहेत, मुलांची नाहीत. त्यामुळे लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (1934–37) सारख्या आत्मकथनाचे महत्त्व वाढते. रेव्ह. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनशी जोडले गेले. परक्यांची मुले घरात वाढविताना होणारी ओढाताण, माया आणि जातिसंस्कारांशी मनातल्या मनात चाललेला झगडा, हे अहवालात न सापडणारे वास्तव अशा लेखनातून हाती लागते.

निष्कर्ष

1. मिशनरींच्या कार्याचा पाया सरकारी धोरणातील पोकळी आणि समाजाची अपुरी तयारी यांत होता. केवळ मिशनरींच्या हेतूंवरून त्याचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

2. सेवा आणि धर्मप्रसार या दोन प्रेरणा प्रत्यक्षात एकमेकींत मिसळलेल्या होत्या. मुले जगली हे जितके सत्य, तितकेच त्यांचा धर्म त्यांनी निवडला नव्हता हेही सत्य आहे.

3. औद्योगिक शिक्षणाने जातिबद्ध व्यवसायाला पर्याय दिला, परंतु समाजापासून तुटलेपणाची किंमतही घेतली.

4. केडगावच्या उदाहरणावरून स्थानिक नेतृत्व व परदेशी साहाय्य यांचा वेगळा मेळ शक्य होता, हे दिसते.

5. मिशनरी कार्याला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या देशी संस्था आणि त्यांनी उपस्थित केलेला ताब्याचा प्रश्न, यांचे धागे आधुनिक बालहक्कविचारापर्यंत पोहोचतात.

अहमदनगर, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील जुन्या मिशनशाळांच्या नोंदवह्या, चर्चमधील बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदी आणि या मुलांच्या वंशजांच्या आठवणी यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेतल्यास, आजवर केवळ संख्या म्हणून उरलेल्या मुलांना इतिहासात त्यांची नावे परत मिळू शकतील.