नंदी, चंद्रकोर आणि राजाचे नाव

वाकाटकांनी विदर्भात अडीचशे वर्षे राज्य केले. अजिंठ्याची बहुतेक लेणी त्यांच्या काळात कोरली गेली, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता त्यांच्या घरात सून म्हणून आली. एवढे वैभव असूनही त्यांचे निर्विवाद म्हणता येईल असे सोन्याचे नाणे आजवर मिळालेले नाही. सोन्याची नाणी मिळाली ती त्यांच्या शत्रूंची, बस्तरच्या नल राजांची. याच नलांनी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, काही काळ ताब्यात घेतली होती.

ही नाणी बस्तरमधल्या कोंडागाव भागात एडेंगा गावी सापडली. ती वाचली गेली नागपुरात. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या वा. वि. मिराशींनी १९३९ साली भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांच्यावर लेख लिहिला. ठेव्यात ३२ नाणी होती. बहुतेक वराहराजाची, मोजकी भवदत्त आणि अर्थपती यांची.

यातली शेवटची दोन नावे विदर्भाला अनोळखी नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला भवदत्तवर्म्याचा ताम्रपट मिळाला होता आणि तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे. त्यात नलवंशाचे नाव आहे, अर्थपतीचेही आहे. रिद्धपूर महानुभावांचे तीर्थ म्हणून सर्वांना माहीत असते. पण प्रभावतीगुप्तेचा आणि तिच्या घराण्याची राजधानी घेणाऱ्या राजाचा, असे दोन्ही ताम्रपट याच गावाने जपून ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. ताम्रपटातला राजा आता सोन्यावरही भेटला.

नाणे घडवण्याची रीत मात्र गुप्तांपेक्षा अगदी निराळी. गुप्तांची नाणी जाड, दोन्ही बाजूंनी ठशांत ठोकलेली, आठ ग्रॅमच्या घरातली. नलांचे मोठे नाणेही जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास भरते. सोन्याचा पत्रा पातळ करून त्याची चकती घ्यायची आणि मागून ठसा ठोकून पुढच्या बाजूला उठाव आणायचा. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात पुतळीमाळेची पुतळी पाहिलेल्या माणसाला हे काम लगेच उमगेल. मागे दुसरे चित्र नसते, पुढच्याच चित्राचे उलटे खळगे असतात. दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, महेंद्रादित्य आणि प्रसन्नमात्र यांची नाणीही याच रीतीची आहेत. त्यांच्यावर गरुड आहे. त्याच सुमारास स्कँडिनेव्हियातही पातळ सोन्याच्या एकाच बाजूला ठसा उठवून गळ्यात घालायची पदके बनत होती. पुढे देवगिरीच्या यादवांनी काढलेली पद्मटंका एका बाजूची खरी, पण ती जाड सोन्यावर समोरून ठसे मारून केलेली.

आता नलांच्या नाण्याकडे जवळून पाहा. कडेने बारीक ठिपक्यांची गोल ओळ. आत उजवीकडे तोंड करून बसलेला, वशिंडाचा नंदी आणि त्याच्याजवळ चंद्रकोर. खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली राजाचे नाव, जसे ‘श्रीअर्थपतिराजस्य’. अक्षरांची डोकी छोट्या चौकोनी पेट्यांसारखी. हीच पेटिकाशीर्षक लिपी वाकाटकांच्या ताम्रपटांवर आहे. एकमेकांशी लढणारी ही दोन घराणी एकाच वळणाची अक्षरे लिहीत होती. एवढ्याशा पत्र्यावर, मागून ठोकून, या पेट्या स्वच्छ उठवणाऱ्या कारागिराचा हात किती तयार असेल!

नलांचा विजय टिकला नाही. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण आपल्या बुडालेल्या घराण्याला दोनदा वर काढल्याचे सांगतो. तिकडे नलांची राजधानी पुष्करीही उद्ध्वस्त झाली आणि भवदत्ताच्या मुलाने, स्कंदवर्म्याने, ती पुन्हा वसवली, असे ओडिशातला पोडागढचा शिलालेख सांगतो.

शेत नांगरताना, घराचा पाया खणताना आपल्याकडे अजूनही नाणी निघतात आणि मुकाट्याने मुशीत जातात. दीड ग्रॅम सोने वितळवून हाती काय येणार? १८७८ च्या निखात निधी कायद्याने असा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि तो सरकारने घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देण्याची तरतूदही त्यात आहे. तेव्हा नाणे सापडले तर ते घासू नका, आटवू नका. आधी तहसील कचेरी गाठा.