न वापरलेली बॅटरी का मरते?

जून २०२०. टाळेबंदी शिथिल झाली आणि आपल्यापैकी अनेकांनी अडीच महिने अंगणात उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढली. चावी फिरवली, स्टार्टरचे बटण दाबले, तर नुसता 'टक्' असा आवाज. ज्यांच्या गाडीला किक होती त्यांनी घाम गाळून ती सुरू केली. बाकीच्यांनी मेकॅनिक गाठला. "गाडी चालवलीच नाही, मग बॅटरी उतरली कशी?" हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संचालकांवर राजीनामा देण्याची वेळही येऊन गेली आहे.

गाडीतली ही शिसे-आम्ल बॅटरी जन्मली पॅरिसमध्ये, १८५९ साली. गास्ताँ प्लाँते या पंचविशीतल्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने शिशाचे दोन लांब पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले. दुसऱ्या घटांची वीज त्यांतून सोडली की एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर चढे, दुसरा शिशाचाच राही. आता बाहेरचे घट काढून घेतले तरी हे दोन पत्रे स्वतः वीज देत. ती संपली की पुन्हा भरता येत. तोपर्यंतचे बहुतेक घट एकदा संपले की संपले. हा मात्र विजेची कोठीच ठरला.

पण प्लाँतेच्या पत्र्यांवर पुरेसा थर चढवायला ते कित्येक आठवडे पुनःपुन्हा भरावे आणि उतरवावे लागत. १८८१ मध्ये कामीय फोर या त्याच्याच देशबांधवाने पत्र्यांवर आधीच शेंदराचा लेप देऊन हा वेळ वाचवला. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच एक ऑक्साइड. त्याच वर्षी मे महिन्यात फोरचे भरलेले घट एका पेटीतून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे पाठवले गेले. विजेची पेटी हजारभर किलोमीटर प्रवास करून आली याचे केवढे कौतुक झाले! तिच्यात दहा लाख फूट-पौंड ऊर्जा असल्याचे सांगितले गेले. आजच्या भाषेत ही सुमारे ३७५ वॅट-तास होते. आपल्या मोटारसायकलची १२ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ६० वॅट-तासांची असते. म्हणजे अशा सहा बॅटऱ्यांएवढी वीज त्या पेटीत होती.

वीज साठवता येते हे ठरले. ती किती दिवस टिकते, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉल ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब यांनी १८८२ मध्ये या घटांच्या रसायनावर लेखमाला सुरू केली, तीच मुळी या मुद्द्यापासून. त्यांनी दाखवले की एकाच पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा थर आणि त्याच्या खालचे शिसे एकमेकांना चिकटून असतात, आणि दोघेही आम्लात भिजलेले असतात. म्हणजे पत्र्यावर जागोजागी बारीक बारीक घट तयार झालेले असतात, तेही आपोआप जोडलेले! बाहेरची तार तोडली तरी ही आतली जोडणी तुटत नाही. डायऑक्साइड आणि शिसे दोन्हींचे हळूहळू लेड सल्फेट होत जाते. बॅटरी वापरतानाही दोन्ही पट्ट्यांवर हेच सल्फेट तयार होते, हेही याच जोडीने सांगितले. तेव्हा उभ्या गाडीतली बॅटरी विश्रांती घेत नसते. ती कोणाच्याही उपयोगाला न येता खर्च होत असते.

या खर्चात भर पडली ती एका सुधारणेमुळे. शिसे फार मऊ असते, म्हणून १८८१ पासून पट्ट्यांच्या जाळीत अँटिमनी मिसळू लागले. जाळी टणक झाली, पण धन पट्टीतले अँटिमनी हळूहळू आम्लात उतरून ऋण पट्टीवर जाऊन बसू लागले. तिथे त्याच्यामुळे हायड्रोजन सहज सुटतो आणि शिशाचे सल्फेट होण्याचा वेग वाढतो. टेलिफोन केंद्रांना ही गोष्ट विशेष जाचत असे, कारण तिथल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे सज्ज ठेवाव्या लागत. १९३५ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हॅरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीऐवजी किंचित कॅल्शियम मिसळून पाहिले आणि ही गळती पुष्कळ कमी झाली. आज गाडीला 'देखभाल नको' अशी बंद बॅटरी बसते, तिचे मूळ या कामात आहे.

तरीही गळती शून्य झाली नाही, आणि खरे नुकसान पुढेच आहे. ताजे लेड सल्फेट पिठीसाखरेसारखे बारीक असते. बॅटरी भरली की ते मुकाट्याने मूळ रूपात परतते. पण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर बारीक कण विरघळतात आणि मोठे स्फटिक आणखी मोठे होतात. पिठीसाखरेची जणू खडीसाखर होते. ती सहजासहजी विरघळत नाही, आणि बॅटरी कायमची अशक्त होते.

अशा बॅटऱ्यांना पुन्हा जिवंत करणाऱ्या पुड्या बाजारात न आल्या तरच नवल. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात 'एडी-एक्स-२' नावाची पूड खपू लागली. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम यांची सल्फेटे होती. समाधानी ग्राहकांच्या पत्रांचे ढीग जमले. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सारख्या अवस्थेतील बॅटऱ्यांचे दोन गट केले. एका गटात पूड घातली, दुसऱ्यात नाही. बाकी सारे सारखे ठेवले. फरक दिसला नाही. ग्राहक खोटे बोलत होते का? तसे नाही. उतरलेली बॅटरी मंद प्रवाहाने बराच वेळ भरली, तर पुष्कळदा ती पुडीशिवायही सुधारते. पूड घातली आणि बॅटरी भरलीही, तर श्रेय कोणाचे, हे तुलनेचा गट असल्याखेरीज कळत नाही.

मार्च १९५३ मध्ये अमेरिकेच्या व्यापारमंत्र्यांनी, संस्था बाजाराचा कौल मानत नाही असे म्हणत, संचालक ॲलन ॲस्टिन यांच्याकडून राजीनामा मागितला. देशभरातले वैज्ञानिक खवळले. संस्थेतल्या शेकडो जणांनी नोकरी सोडण्याची तयारी दाखवली. अखेर त्याच वर्षी ॲस्टिन यांना पद परत मिळाले आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही पुडीत काही गुण नसल्याचा निर्वाळा दिला.

मग उपाय काय? टेलिफोन केंद्रांनी तो केव्हाच शोधला होता: गळेल तेवढे सतत भरत राहायचे. थेंबे थेंबे तळे साचे! कॅनडासारख्या देशांत बर्फामुळे चार-पाच महिने मोटारसायकल बंद ठेवतात. तिथे लोक लहानसा स्वयंचलित चार्जर जोडून ठेवतात. बॅटरी पूर्ण भरली की तो दाब सुमारे साडेतेरा व्होल्टवर आणतो आणि नुसती गळती भरून काढतो.

आपल्याला मे महिन्याच्या सुट्टीत हेच करता येईल. उष्णता दहा अंशांनी वाढली की आतली गळती साधारण दुप्पट होते, म्हणून आपला उन्हाळा बॅटरीला अधिकच कठीण. शिवाय नव्या गाड्यांतले घड्याळ वा धोक्याची घंटाही थोडी वीज खात राहते. ती अवघी २ मिलिॲम्पिअर धरली, तरी ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी सुमारे १०४ दिवसांत रिकामी होते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. गावी जाताना आधी ऋण टोकाची तार सोडावी. महिन्यातून एकदा दाब मोजावा. भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या वर असतो, तो १२.४ च्या खाली आला तर हवेशीर जागी, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या प्रवाहाने, म्हणजे अर्ध्या ॲम्पिअरने, बॅटरी भरावी. बंद नसलेल्या बॅटरीत फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार गळती वाढवतात. पाच मिनिटे इंजिन नुसते चालवून मात्र भागत नाही. सुरू करताना गेलेली वीजही तेवढ्यात नीट भरून निघत नाही.

सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर शाळेतल्या शिक्षकांच्या गाड्यांचे दाब मुलांना मोजू द्यावेत. कोणी तार सोडली होती, कोणी नाही, याचे दोन गट आपोआप पडतील. मात्र गाड्या वेगवेगळ्या आणि बॅटऱ्यांची वयेही वेगवेगळी. मग या दोन गटांची तुलना कितपत खरी? १९५३ चा वाद समजावून सांगायला याहून चांगला प्रश्न आम्हाला सुचत नाही.