भंडारा, 1954 : घटनाकारांची अखेरची निवडणूक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवलेली अखेरची निवडणूक भंडाऱ्याची. ती उद्भवली एका न्यायालयीन निकालातून, आणि त्या निकालाच्या मुळाशी होती विडी!

1952 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशातील या मतदारसंघातून चतुर्भुज जसानी लोकसभेवर गेले. ते भागीदार असलेली मूलजी सिक्का कंपनी सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरवीत असे. सरकारशी असा करार असलेली व्यक्ती उमेदवारीस अपात्र होती. त्याच निवडणुकीत राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज, महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार उरले नाहीत, या कारणाने फेटाळला गेला होता. पंथ बदलला तरी त्यांची जात सुटलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 1954 रोजी ठरवले आणि निवडणूक रद्द झाली.

मुंबईत 1952 साली नारायण काजरोळकरांकडून पराभूत झालेले बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. भंडाऱ्यातून त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने प्रजा समाजवादी पक्षाशी हातमिळवणी केली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब.

खरी मेख मतदानाच्या पद्धतीत होती. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दुसरे मत कुणालाच न देता ‘कुजवावे’, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता, अशी आठवण सांगितली जाते. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. ज्याने राज्यघटना घडवली, त्याने मत वाया घालवण्याचा सल्ला कसा द्यावा?

मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. फेडरेशनची मते मेहतांकडे वळली. परतफेड तितकी झाली नाही, असेच या निकालावरून दिसते.

हीच भीती बाबासाहेबांनी 1932 च्या पुणे कराराआधी मांडली होती: संयुक्त मतदारसंघात राखीव जागेचा प्रतिनिधीही अखेर बहुसंख्याकांच्या मतांवरच ठरणार. भंडाऱ्यात ती त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली.

1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच, 6 डिसेंबर 1956 रोजी, त्यांचे निधन झाले. द्विसदस्यीय मतदारसंघ 1961 च्या कायद्याने संपुष्टात आले.