ताऱ्यांच्या प्रभामंडलातील चुंबकीय कमानी
दोन्ही टोके ताऱ्याच्या पृष्ठभागात रुतलेल्या व तप्त प्लाझ्माने भरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या कमानी. सूर्याच्या शांत प्रभामंडलाचे (सर्वांत बाहेरच्या वातावरणाचे) तापमान १० ते २० लाख केल्व्हिन असते. वेगाने फिरणाऱ्या सक्रिय ताऱ्यांत ते १ कोटीपलीकडे जाते. दूरच्या ताऱ्यांवरील कमानी दुर्बिणीतून सुट्या दिसत नाहीत. म्हणून क्ष-किरणांच्या वर्णपटावरून त्यांची प्रतिमाने रचतात. रॉझनर, टकर व वायाना यांच्या १९७८ मधील नियमानुसार स्थिर कमानीचे कमाल तापमान दाब व लांबी यांच्या गुणाकाराच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. सूर्यावरील कमानींवरून या प्रतिमानांची पारख होते. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत अशा सौर कमानींचा अभ्यास चालतो. आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘सूट’ ही सूर्याचे निरीक्षण करणारी अतिनील दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून अवकाशात गेली.