दोन्ही घरचा पाहुणा : अँग्लो-इंडियन समाजाची कथा

‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अँग्लो-इंडियन समाजाचा इतिहास चाळताना तिची वारंवार आठवण होते.

ईस्ट इंडिया कंपनीने प्रारंभी आपल्या गोऱ्या नोकरांच्या एतद्देशीय स्त्रियांशी होणाऱ्या विवाहांना उत्तेजनच दिले. परंतु सत्तेची मुळे खोल जाताच या विवाहांतील संततीविषयी तिला संशय वाटू लागला आणि १७९१ साली अशा संततीला कंपनीच्या मुलकी व लष्करी अधिकारपदांची दारे बंद झाली.

जेम्स स्किनर (१७७८-१८४१) याला हाच अन्याय भोगावा लागला. पिता स्कॉटिश, माता राजपूत. कंपनीने अव्हेरलेल्या या तरुणाला आश्रय दिला तो मराठ्यांनी, दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेने. १८०० साली उनियाराच्या रणांगणावर तो शिंद्यांसाठी लढताना जबर जखमी झाला. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच सेनापती पेराँ याने, हा इंग्रजांच्या रक्ताचा, म्हणून त्याला काढून टाकले. मातेच्या रक्तामुळे कंपनीने दूर लोटले, पित्याच्या रक्तामुळे शिंद्यांच्या सेनापतीने! पुढे तो लॉर्ड लेककडे गेला. तेही, जुन्या धन्याविरुद्ध लढणार नाही, या अटीवर, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने उभारलेले घोडदळ आजही भारतीय सैन्यात आहे. दिल्लीत त्याने बांधलेले सेंट जेम्स चर्चही उभे आहे.

पुढे रेल्वे, तारखाते व जकात या खात्यांत हा समाज स्थिरावला. रेल्वे वसाहती, तेथील इन्स्टिट्यूटमधील नृत्यसंध्या, नाताळचा केक आणि हॉकीचे मैदान हे त्याचे विश्व. १९२८ साली ॲमस्टरडॅमला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात या समाजाचे अनेक खेळाडू होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने या समाजाची व्याख्या केली आणि लोकसभेत दोन सदस्य नियुक्त करण्याची तरतूद ठेवली. जबलपूरचे फ्रँक अँथनी या मार्गाने दीर्घकाळ लोकसभेत होते. नोकऱ्यांतील राखीव जागा मात्र दहा वर्षांत क्रमाने संपल्या. पुष्कळ कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. नियुक्तीची ती तरतूदही २०२० च्या जानेवारीत संपुष्टात आली.

जे गेले, त्यांची कथा वारंवार सांगितली जाते. जे राहिले, त्यांनी हेच आपले घर मानले. परप्रांतात पिढ्या घालविलेल्या आपणा मराठी माणसांना या निर्णयाचे मोल अधिक कळावे. घर जन्माने मिळते, तसेच ते निष्ठेनेही मिळविता येते.