खोकीं ठोकणाऱ्यांचें विमान

ज्याला खिळे ठोकून लांकडी खोकें जोडतां येतें, त्याला विमानही बांधतां येईल, असें एका फ्रेंच गृहस्थानें सन १९३४ मध्यें ग्रंथ लिहून जाहीर केलें, आणि हजारों लोकांनीं त्यावर विश्वास ठेविला. या गृहस्थाचें नांव आंरी मिन्ये. जन्म सन १८९३ चा. पहिल्या महायुद्धांत त्यानें बिनतारी संदेशांचें काम केलें होतें. विमानें बांधणें हा त्याचा धंदा नव्हे, छंद होता. वैमानिक म्हणूनही तो फारसा कुशल नव्हता, आणि मौज अशी कीं, त्याच्या साऱ्या कीर्तीचें मूळ या उणिवेंतच आहे.

नेहमींचें विमान चालवितांना हातांतील दांडा आणि पायांखालचीं पायडलें यांचा मेळ राखावा लागतो. मिन्येला तो नीट साधेना. दुसरा एखादा निराश होऊन घरीं बसला असता; यानें दोष आपल्याकडे न घेतां यंत्राकडे दिला, आणि पायडलें काढूनच टाकलीं! त्याच्या नव्या रचनेंत एकामागें एक असे दोन पंख होते. दांडा पुढें-मागें केला कीं पुढचा अख्खा पंख कलून विमान वर-खालीं होई. बाजूस केला कीं सुकाणूं वळे. यापलीकडे शिकण्यासारखें कांहीं नाहीं. सुमारें सहा मीटर लांबीचा पुढचा पंख, मोटारसायकलच्या जातीचें लहानसें एंजिन, बाकी लांकूड, कापड, सरस आणि खिळे. स्वासों शहराजवळच्या रानांत पत्नीसह तंबू ठोकून राहत असतां त्यानें १० सप्टेंबर १९३३ रोजीं हें विमान प्रथम उडविलें. जिकडे तिकडे दिसणाऱ्या स्वस्त फोर्ड मोटारीला फ्रेंच लोक थट्टेनें 'रस्त्यावरची ऊ' म्हणत. त्यावरून यानें आपल्या विमानाचें नांव 'पू द्यु सिएल', म्हणजे आकाशांतली ऊ, असें ठेविलें. इंग्रजांनीं त्या उवेची पिसू केली.

ग्रंथांत सर्व मापें व आकृत्या होत्या, आणि उडावें कसें याचेही धडे होते. सन १९३५ मध्यें इंग्रजी भाषांतर निघतांच ब्रिटनमध्यें एकच लाट उसळली. घरामागच्या छपरींत, मोटारीच्या गॅरेजांत, मिळेल त्या जागेंत पंखांचे सांगाडे उभे राहूं लागले. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत स्टीफन ॲपलबी या तरुणाची पिसू हेस्टनच्या मैदानावरून उडाली. १३ ऑगस्टला खुद्द मिन्ये आपल्या उवेंत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आला. नेहमींच्या कडक तपासणींतून अशीं विमानें पार पडणें अशक्य असल्यामुळें सरकारनें त्यांच्यासाठीं वेगळा, सुलभ परवाना काढला. विमान म्हणजे श्रीमंतांची चैन, ही समजूत एका सुताराच्या हत्यारपेटीनें मोडीत काढली होती.

आणि मग माणसें मरूं लागलीं. सन १९३६ च्या वसंतांत ब्रिटनमध्यें एकामागून एक पिसवा सरळ नाकावर आदळल्या. बळी पडलेले सगळेच नवशिके असते तर दोष त्यांच्या माथीं मारून लोक मोकळे झाले असते. परंतु त्यांत हवाई दलाचे अनुभवी वैमानिकही होते. तेव्हां फार्नबरो येथील चोवीस फूट व्यासाच्या वातबोगद्यांत अख्खी पिसू टांगून तिच्यावर वारा सोडण्यांत आला. फ्रान्सांतही शाले-मदोंच्या बोगद्यांत अशीच परीक्षा झाली.

निष्कर्ष भयंकर होता. दोन पंखांमधील फट फार अरुंद होती. नाक सुमारें पंधरा अंशांपलीकडे खालीं झुकलें, कीं त्या फटींतून घुसणारा वारा मागचा पंख जोरानें उचलून धरी व नाक आणखी खालीं दाबी. वैमानिक साहजिकच दांडा पोटाशीं ओढी. त्यासरशीं पुढच्या पंखाची मागची कड खालीं येऊन फट अधिकच चिंचोळी होई. म्हणजे सुटकेसाठीं केलेली क्रियाच फास आवळी. ज्या साधेपणामुळें हें विमान कोणालाही बांधतां आलें, त्या हलत्या पंखांतच ही मेख दडली होती.

मिन्येनें लोकांना फसविलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें स्वतःचा जीव त्याच यंत्रावर टाकला होता. पण माणूस ज्या कोनांतून जिवंत परत येत नाहीं, तो कोन उडून मोजतां येत नाहीं; त्याला बोगदाच लागतो, आणि बोगदा कांहीं छपरींत बांधतां येत नाहीं.

ब्रिटननें परवाने देणें थांबविलें. मिन्येनें मात्र फट रुंद करून रचना सुधारली, आणि सुधारलेल्या उवा फ्रान्सांत पुन्हां उडूं लागल्या. पुढें तो अमेरिका, अर्जेंटिना, जपान, मोरोक्को असा देशोदेशीं फिरत नवीं विमानें बांधीत राहिला. सन १९६५ मध्यें वारला. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनीं सन १९४६ मध्यें संघ स्थापून घरगुती विमानांच्या तपासणीची व्यवस्था आपल्या हातीं घेण्यास प्रारंभ केला. त्या काळच्या कांहीं पिसवा आज तेथील संग्रहालयांत छताला टांगलेल्या आढळतात. त्यांतल्या कांहीं तर बांधून पुऱ्या झाल्या, पण जमिनीवरून कधीं उठल्याच नाहींत.