भिडे वाडा आणि आपली शाळा

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. पुढे तिथं दुकानं आली, वाडा मोडकळीस आला. कोर्टकचेरी संपून डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. स्मारक ठरलंय, पण मूळ भिंती गेल्या.

आपल्या झरी जामणीच्या शाळांचं तसं होऊ नये. छत गळलं की वर्ग व्हरांड्यात येतो. स्वच्छतागृह नसलं की आधी मोठ्या मुलीच घरी बसतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह मागतो, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिलाही. जिल्हा परिषद शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते.

म्हणून बचत गटाइतकीच ती बैठकही चुकवू नका. दुरुस्ती, वाढीव खोली आराखड्यात लिहून घ्या. वाचूनच सही करा.